नेता, तलैवर आणि कंडक्टर



चेन्नईच्या मुख्य रेल्वे स्थानकाला आपण सवयीने 'सेंट्रल' म्हणतो. २०१९ साली त्याचे नाव बदलले. नव्या लांबलचक नावाचा आरंभ 'पुरट्चि तलैवर' या दोन शब्दांनी होतो. पुरट्चि म्हणजे क्रांती आणि तलैवर म्हणजे नेता. चित्रपटांतून राजकारणात आलेल्या आणि १९७७ मध्ये तमिळनाडूचे मुख्यमंत्री झालेल्या एम. जी. रामचंद्रन यांना लोकांनी दिलेली ही पदवी. गाडीतून उतरणाऱ्या प्रवाशाला या शहरात पहिला भेटतो तो असा नेता, निदान शब्दरूपाने. तेव्हा आज या नेतेपणाच्या शब्दांविषयीच चार गोष्टी सांगाव्यात असे मनात आहे.

खुद्द चेन्नईच्या नावामागेही एक नेता उभा आहे. इंग्रजांना १६३९ साली या किनाऱ्यावर वखारीसाठी जागा मिळाली, ती दामर्ला घराण्यातील नायकांकडून. त्यांच्या पित्याचे नाव चेन्नप्पा नायक, आणि त्याच्यावरून गावाला चेन्नपट्टणम् म्हणू लागले, अशी सर्वसाधारण समजूत आहे. हे 'नायक' विजयनगरच्या काळातील लष्करी अधिकारी. तंजावरलाही नायकांचेच राज्य होते. तेथे पुढे शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी आले आणि त्यांच्यामागून मराठी भाषा आली. आपल्याकडचा नाईक आणि फौजेतला लान्स नाईक, दोघेही याच शब्दाचे वंशज. राजापासून निघालेला शब्द शिपायाच्या बाहीवरील फितीपर्यंत उतरला. शब्दांनाही उतरती कळा लागते, ती अशी.

नायक आणि नेता हे दोन्ही संस्कृत 'नी' या धातूपासून आले. आपले रोजचे 'नेणे' तेच. नेत्र म्हणजे नेणारा, म्हणून डोळा. उपनयन म्हणजे गुरूजवळ नेणे. नीती म्हणजे नेण्याची रीत. तमिळ तलैवराची कुळी मात्र वेगळी आहे. 'तलै' म्हणजे डोके. जो सर्वांत वर, तो तलैवर. फारसीतील 'सर' म्हणजेही डोकेच. आमचे सरदार, सरनौबत आणि आजचे सरपंच हे सारे त्या डोक्याचे धनी. इंग्रजीतील 'चीफ' आणि 'कॅप्टन' यांच्या मुळाशी लॅटिनमधील डोकेच आहे. मुख्यमंत्री म्हणताना आपण मराठी माणसे डोक्यावरून जरा खाली, मुखापाशी येतो, एवढेच. गंमत अशी की, प्राचीन तमिळ प्रेमकवितेत तलैवन् आणि तलैवी म्हणजे प्रियकर आणि प्रेयसी. आमचे नायक-नायिका तरी दुसरे कोण आहेत?

आता इंग्रजीतील 'लीड' पाहा. त्याच अक्षरांनी लिहिलेला शिसे या धातूचा 'लेड' वेगळा. त्याचा याच्याशी काही संबंध नाही. एका विद्यार्थ्याने 'लेड पेन्सिल'चे भाषांतर 'आघाडीची पेन्सिल' असे केलेले मी पाहिले आहे, आणि बिचाऱ्याला मी फारसा दोष देऊ शकलो नाही. नेण्याचा जो 'लीड', तो जुन्या इंग्रजीत जाणे किंवा प्रवास करणे या अर्थाच्या क्रियापदाचे प्रयोजक रूप आहे. प्रयोजक म्हणजे करण्याचे करवणे, जेवण्याचे जेववणे. म्हणजे 'लीड'चा मूळ अर्थ जायला लावणे, चालवणे. त्यात डोके नाही, उंची नाही. आहे ती फक्त वाट आणि वाटेवरची माणसे. त्याच्याच कुळातला 'लोड' हा जुना शब्द म्हणजे मार्ग. खलाशांना दिशा दाखवणाऱ्या ध्रुवताऱ्याला त्यावरून 'लोडस्टार' म्हणत. आणि आज ओझे या अर्थाने आपण जो 'लोड' म्हणतो, तोही मुळात हाच शब्द. वाट आणि ओझे एका घरातली! मराठी नेण्यातही हे दोन्ही अर्थ नांदतात. आपण माणसाला नेतो आणि गाठोडेही नेतो.

मग 'लीड' करणाऱ्याला मराठीत नेमके कोणते नाव शोभेल? पुढारी म्हटले, की अलीकडे ऐकणाऱ्याच्या ओठांवर थोडे हसू येते. म्होरक्या तर पोलिसांच्या टिपणातच अधिक आढळतो. रचनेच्या दृष्टीने खरा जुळणारा शब्द म्हणजे चालक: चालणाऱ्यांना चालवणारा. पण तो आपण एस. टी.च्या गाडीत बसवला आणि त्याच्या शेजारी कंडक्टरला वाहक म्हटले. तमिळ भाषेने याहून नेमके केले, असे मला वाटते. तिने गाडी हाकणाऱ्याला 'ओट्टुनर' म्हणजे पळवणारा म्हटले आणि तिकिटे देणाऱ्याला 'नडत्तुनर'. 'नड' म्हणजे चालणे, 'नडत्तु' म्हणजे चालवणे. हुबेहूब 'लीड'! इंग्रजी 'कंडक्टर'च्या पोटातही नेणे या अर्थाचा लॅटिन धातू आहे. सर्वांना बरोबर घेऊन जाणारा, तो कंडक्टर.

हे आठवण्याचे कारण एक मराठी घरातला मुलगा. १९५० साली बंगळूरला एका पोलीस शिपायाच्या घरी तो जन्मला. नाव शिवाजीराव गायकवाड. तेथेच तो बसमध्ये कंडक्टर झाला. पुढे अभिनय शिकण्यासाठी मद्रासला गेला, १९७५ मध्ये के. बालचंदर यांच्या चित्रपटात झळकला, आणि रजनीकांत या नावाने तमिळ जनतेचा तलैवर झाला. घंटी वाजवून गाडी चालती करणारा थेट डोक्यावर जाऊन बसला.

लोकांना मात्र तेवढ्याने समाधान नव्हते. त्याने आपल्याला पुढे न्यावे, असे पुष्कळांना वाटत होते. २०१७ च्या शेवटच्या दिवशी त्याने राजकारणात उतरण्याची घोषणा केली. तीन वर्षे पक्षाची वाट पाहण्यात गेली. २९ डिसेंबर २०२० रोजी प्रकृतीचे कारण सांगून त्याने माघार घेतली. पुष्कळांनी त्याला नावे ठेवली. मला तो प्रामाणिकपणा वाटला. डोक्यावर बसवणे लोकांच्या हाती असते. चालणे ज्याचे त्याला ठाऊक. मिरवायला तलैवर पुरतो, पण रोज पहाटे गाडीवर हजर राहायचे असते ते नडत्तुनराने, आणि या माणसाने ते काम केलेले होते.

लोकांनी पदवी परत घेतली नाही. चेन्नईत ती तशी स्वस्तही आहे. मागच्या खेपेला सेंट्रलबाहेर एका रिक्षावाल्याने मलाही 'वांग, तलैवा' म्हणून बोलावले. या, नेते! मी सुखावून आत बसलो. भाडेही त्याने नेत्याला शोभेल असेच सांगितले.