अणुभट्टी आणि वाचनालय

(शताब्दी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



वाचनालयाच्या शताब्दीच्या मांडवात अणुभट्टीचा विषय कशासाठी, असा प्रश्न अनेकांच्या मनात आला असेल. आणि तो रास्तच आहे. परंतु ज्या विचारातून गावोगावची वाचनालये उभी राहिली, त्याच विचाराची ही पुढची पायरी आहे. केतकरांच्या ज्ञानकोशाचे सर्व खंड विकत घेणे सामान्य गृहस्थाला कधीच परवडणारे नव्हते. चौघांनी वर्गणी काढली, ते खंड एका कपाटात आले आणि गावातल्या कोणत्याही मुलाला ते उघडता येऊ लागले. एकट्याला न पेलणारे ज्ञानाचे साधन सर्वांनी मिळून बाळगावे, हे वाचनालयाचे मूळ तत्त्व होय. अणुभट्टी हे असेच एक अतिशय महागडे साधन आहे.

अणुभट्टी म्हटले की वीज किंवा बॉम्ब एवढेच आठवते. संशोधनाची अणुभट्टी मात्र वीज निर्माण करीत नाही. युरेनियमच्या अणुगर्भाचे विभाजन होताना न्यूट्रॉन बाहेर पडतात. ते हवे असतात. हे न्यूट्रॉन मंद करून, भट्टीच्या भिंतीतील नळ्यांवाटे झोताच्या रूपाने बाहेर घेतले जातात आणि पदार्थाच्या नमुन्यावर सोडले जातात. क्ष-किरणांना जो हायड्रोजनचा अणू जेमतेम जाणवतो, तो न्यूट्रॉनला स्पष्ट दिसतो. चुंबकीय पदार्थांची अंतर्रचना तर न्यूट्रॉनइतक्या सरळपणे दुसरे कोणीच सांगत नाही. शेतातील चिमूटभर माती भट्टीत ठेवून काढली, तर तीत अत्यल्प प्रमाणात कोणती मूलद्रव्ये दडलेली आहेत तेही तिच्या किरणोत्सारावरून ओळखता येते.

आपल्या देशात या विद्येचा आरंभ तुर्भ्याला झाला. ४ ऑगस्ट १९५६ रोजी ‘अप्सरा’ कार्यान्वित झाली. इंधन ब्रिटनचे होते. भट्टी भारतीय अभियंत्यांनी उभारली होती. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना होऊन चिकोडी, निपाणी, बेळगाव हा मुलूख मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. सीमाभागाच्या स्मरणात १९५६ हे साल त्या दुसऱ्या घटनेसाठीच कोरलेले आहे, हे साहजिक आहे. पुढे १९६० मध्ये कॅनडाच्या साहाय्याने ‘सायरस’ आली आणि १९८५ मध्ये शंभर मेगावॅट औष्णिक क्षमतेची, संपूर्ण स्वदेशी आराखड्याची ‘ध्रुव’ सुरू झाली. ध्रुवच्या उभारणीत अनिल काकोडकर यांचा वाटा मोठा होता. सायरस २०१० च्या अखेरीस कायमची थांबली. जुनी अप्सराही अर्धशतकाहून अधिक सेवा करून विसावली आणि सप्टेंबर २०१८ मध्ये तिची नवी आवृत्ती, ‘अप्सरा-यू’, कार्यान्वित झाली.

तथापि, या सर्व भट्ट्या एका कडक पहाऱ्याच्या कुंपणाआड होत्या. साधने अणुऊर्जा विभागाकडे आणि विद्यार्थी विद्यापीठांकडे, अशी ही ताटातूट होती. ती दूर करण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८० च्या दशकात आंतरविद्यापीठीय केंद्रांची कल्पना उचलून धरली. कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी १९८८ पासून पुण्यात उभी केलेली ‘आयुका’ ही संस्था या भागातील वाचकांना परिचित आहे. तिचेच एक भावंड म्हणजे १९९० च्या सुमारास इंदूरला मुख्यालय ठेवून स्थापन झालेले, अणुऊर्जा विभागाच्या साधनांसाठीचे आंतरविद्यापीठीय कन्सॉर्शियम. त्याचे मुंबई केंद्र भाभा अणुसंशोधन केंद्रात आले आणि ध्रुवचे न्यूट्रॉन विद्यापीठांच्या हाती लागले. या कन्सॉर्शियमने ध्रुवच्या झोतावर स्वतःचे विवर्तनमापकही बसविले. प्राध्यापकाने प्रस्ताव पाठवायचा, तज्ज्ञांनी तो तपासायचा आणि पसंत पडल्यास यंत्राचे काही दिवस त्याच्या नावे राखून ठेवायचे, अशी ही पद्धत आहे. प्रवासाला आणि मुक्कामाला साहाय्य मिळते, संशोधक विद्यार्थ्याला पाठ्यवृत्तीही मिळू शकते.

हे साहाय्य किरकोळ समजू नये. चिकोडी रोडला गाडी पकडून तुर्भ्यापर्यंत जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने यंत्राची कोट्यवधींची किंमत गौण असते. तिकीट आणि चार दिवसांचा मुक्काम हाच त्याच्यापुढचा खरा प्रश्न असतो. अमेरिकेत रॅले येथील महाविद्यालयाने १९५३ मध्येच स्वतःची अणुभट्टी चालविली. पुढे तेथील शासनाने अशा भट्ट्या बाळगणाऱ्या विद्यापीठांना खास अनुदान दिले, ते शेजारच्या भट्टी नसलेल्या महाविद्यालयांसाठी आणि शाळांसाठी दार उघडे ठेवण्याकरिता. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने तर एका पावलाने पुढे जाऊन अर्जेंटिनातील बारिलोचे येथील भट्टीवरचा प्रयोग इंटरनेटद्वारे दुसऱ्या देशांतील वर्गांत पोहोचविला. विद्यार्थी आपल्या बाकावर बसून भट्टीचे आकडे उतरवितात आणि तेथील शिक्षकाला प्रश्न विचारतात.

आपल्याकडील व्यवस्था मुख्यतः संशोधकांसाठी आहे, हे मान्य करावे लागेल. पीएच.डी.च्या उमेदवाराला तिचा उपयोग होतो. परंतु तालुक्याच्या गावी बी.एस्सी. करणाऱ्या मुलाला अणुभट्टीची ओळख आजही बहुधा फळ्यावरच्या आकृतीवरूनच होते. ही आकृती तो पाठ करतो, परीक्षेत काढतो आणि विसरतो. अशा मुलांत उद्याचा एखादा संशोधक असेल, तर तो निवडीच्या आधीच गळतो, आणि गळाल्याची नोंदही कोठे होत नाही. म्हणून पदवीच्या वर्गांसाठी वर्षातून काही दिवस, त्यांच्या शिक्षकांसाठी प्रशिक्षण आणि दूरच्या महाविद्यालयांसाठी इंटरनेटवरील प्रयोग यांसाठी स्वतंत्र तरतूद हवी. यंत्राच्या खर्चापुढे ही रक्कम फारच लहान ठरेल.

हा निधी केंद्राचा असल्यामुळे त्याला राज्याची सीमा आड येत नाही, ही गोष्ट येथे विशेष महत्त्वाची आहे. धारवाड, कोल्हापूर, बेळगाव, कोणत्याही विद्यापीठाचा विद्यार्थी त्याला सारखाच. सीमेपलीकडचे साधन वापरण्याची सवय तर या भागाला आहेच. निपाणीच्या वेशीला लागून असलेले अर्जुननगरचे देवचंद महाविद्यालय महाराष्ट्राच्या हद्दीत आहे आणि कर्नाटकातली मुले तेथे रोज शिकायला जातात.

शेवटी एक कर्तव्य वाचनालयांचेही आहे. ग्रंथ उपयोगासाठी असतात, हे तत्त्व रंगनाथन यांनी १९३१ मध्ये आपल्या पाच सूत्रांत अग्रभागी ठेवले. तुर्भ्याहून परतलेल्या विद्यार्थ्याने आपण काय पाहिले ते याच सभागृहात, मराठीत आणि कन्नडमध्ये, सांगावे. किरणोत्साराची भीती कोठे खरी आणि कोठे खोटी, हे शेतकऱ्यांनी आणि गृहिणींनी त्याला विचारावे. शंभर वर्षांपूर्वी येथे कपाट उघडे ठेवले गेले. दुसऱ्या शतकात या वाचनालयाने तुर्भ्याच्या वाटेची माहिती देणारी एक फाईलही त्या कपाटात ठेवावी आणि ती मागायला येणाऱ्या पहिल्या मुलाला प्रस्तावाचा कागद भरायला मदत करावी.