आरव्हीतले आठ दिवस
(रौप्यमहोत्सवी वर्षातील कौटुंबिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरींनी मला बजावलंय, "काका, अमेरिकेच्या सहलीवर दहा मिनिटं बोला, पण फोटो नकोत." यंदाच्या गणपतीत एका गृहस्थांनी एकशे चाळीस फोटो दाखवले आणि आरतीला उशीर झाला. ते गृहस्थ मीच. तेव्हा आज नुसतं बोलतो. आणि फोटो दाखवताना जे सांगितलं नव्हतं, तेही सांगतो.

मुलगा कोलोरॅडोत डेन्व्हरला असतो. माझा धाकटा भाऊ न्यू मेक्सिकोत अल्बुकर्कीला. १९७६ साली गेला तो तिकडचाच झाला. डेन्व्हरहून सरळ महामार्गाने अल्बुकर्की साडेचारशे मैल, म्हणजे सहा-सात तासांचा रस्ता. तरी याआधीच्या दोन्ही खेपांना मी त्याच्याकडे गेलो नव्हतो. कारण पुढे सांगतो.

२०२४च्या सप्टेंबरात मुलाने परस्पर आरव्ही भाड्याने घेतली आणि म्हणाला, "बाबा, काकांकडे जाऊ, पण डोंगरातून जाऊ." आरव्ही म्हणजे चाकांवरचं घर. आमची अठ्ठावीस फूट लांब होती. आत शेगडी, फ्रिज, संडास-बाथरूम, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर माळा, तो नातीने बळकावला. तिने शाळेला दांडी मारली होती. सौ.चे गुडघे दुखतात, बाहेरचं खाणं तिला चालत नाही, त्यामुळे ही सोय बरी पडली. तिने थालीपिठाची भाजणी घेतली आणि मी एक वही घेतली. बँकेतली सवय, जात नाही.

या घरात पाणी मोजून असतं. आमच्या टाकीत चाळीस गॅलन, म्हणजे साधारण दीडशे लिटर, पाच माणसांत. आपल्या सोसायटीचे पहिले दोन-तीन उन्हाळे आठवा, टँकर आला की बादल्या घेऊन धावत होतो. मला ते आठवलं आणि मी नातीला दात घासताना नळ बंद करायला लावला. तिला वाटलं आजोबा कंजूष. वापरलेलं पाणी एका टाकीत आणि संडासाचं दुसऱ्या टाकीत साठतं. ते दर दोन-तीन दिवसांनी ठरलेल्या जागी जाऊन जाड नळीने रिकामं करायचं. आधी संडासाची टाकी सोडायची, मग साध्या पाण्याची, म्हणजे नळी आपोआप धुतली जाते. हातमोजे घालून मुलाच्या बरोबरीने मी हे काम केलं. शाखाधिकारी म्हणून निवृत्त झालेला माणूस! सौ.ने त्याचा मात्र फोटो काढला, तो तुम्ही पाहिला नाहीत.

२५ सप्टेंबरला निघालो. पहिल्याच दुपारी केनोशा पास लागला, उंची दहा हजार फूट. आपलं कळसूबाई पाच हजार चारशे, म्हणजे जवळजवळ दुप्पट. तिथे अस्पेनची झाडं, खोड पांढरं आणि पानं त्या आठवड्यात हळदीसारखी पिवळी. वारा नसला तरी पानं सळसळतात, अगदी आपल्या पिंपळासारखी. नातीने सांगितलं, की ही झाडं वेगवेगळी दिसतात पण कित्येकदा एका मुळावरचीच असतात. मी "हं" म्हणालो.

पुढे मोनार्क पास, अकरा हजार तीनशे फूट. तिथे सौ.ला दम लागला, गाडीबाहेर पडलीच नाही. गनिसनला रात्री इतकी थंडी, की सकाळी पाण्याची बाहेरची नळी गोठलेली. हे सप्टेंबरात बरं का.

खरी परीक्षा युरे ते सिल्व्हर्टन. डोंगराच्या कडेने कोरलेला रस्ता, एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी, आणि बऱ्याच ठिकाणी कठडाच नाही. अमेरिकेत गाडी उजवीकडून चालते. दक्षिणेला जाताना दरी उजव्या हाताला. आणि ड्रायव्हर डावीकडे बसतो, म्हणजे दरीच्या बाजूला कोण, तर मी. गाडी सूनबाई चालवत होती. मी खिडकीतून खाली पाहिलं तर रस्ता दिसेना, नुसती दरी. सौ. मागे रामरक्षा म्हणत होती. सूनबाई शांतपणे म्हणाली, "बाबा, तुम्ही ब्रेक मारताय, पण तुमच्या पायाशी ब्रेक नाहीये." सगळे हसले. मी हसलो नाही. तिच्यासारखी गाडी आपल्या घाटात भले भले चालवणार नाहीत, एवढं मात्र सांगतो.

सिल्व्हर्टन जुनं खाणींचं गाव. तिथे डुरँगोहून छोटी आगगाडी येते, १८८२पासूनची, अजून वाफेचं इंजिन धावतं. आम्ही धूर पाहिला, शिटी ऐकली, तिकिटाचे दर वाचले आणि पुढे निघालो.

डुरँगोनंतर डोंगर मागे पडले, लालसर कोरडी जमीन सुरू झाली. जसजसं अल्बुकर्की जवळ येत होतं, तसा मी गप्प होत गेलो. सौ.ला कारण ठाऊक होतं.

२००६ साली आई गेली. शेवटचे तीन आठवडे साताऱ्याला हॉस्पिटलात होती, मी रजा टाकून तिच्याजवळ. भाऊ पोचला सहाव्या दिवशी. त्याला तिकीट मिळालं नव्हतं, हे मला माहीत होतं. तरी त्याने फोनवर विचारलं, "आईने माझी आठवण काढली का?" तेव्हा मी म्हणालो, "नाही. ती कोणालाच ओळखत नव्हती." त्यानंतर अठरा वर्षं आमचं बोलणं दिवाळीच्या फोनपुरतं.

खरं असं होतं, की आई मला त्याच्या नावाने हाक मारायची. मी चमच्याने पेज भरवायचो आणि ती विचारायची, "कधी आलास?" उशाशी बसलेला मी, आणि नाव त्याचं. ते मला सोसलं नाही.

२ ऑक्टोबरला, सर्वपित्री अमावास्येला, आम्ही पोचलो. त्या मोसमात तिकडे दुकानांसमोर जाळीच्या पिंपात गॅसच्या आचेवर हिरव्या मिरच्या भाजतात. गाडीची काच खाली केली आणि तो खमंग वास आला. भाऊ दारात उभा होता. वहिनी जाऊन चार वर्षं झाली. त्याचे हात आता थरथरतात. त्याने त्या भाजक्या मिरच्यांचा ठेचा करून ठेवला होता. मीठ जास्त पडलं होतं.

रात्री सगळे घरात झोपले. आम्ही दोघं आरव्हीत बसलो, त्याला आतून बघायची होती. सगळं बघून झाल्यावर तो त्या टेबलाशी बसला आणि म्हणाला, "दादा, आई शेवटी खरंच कोणाला ओळखत नव्हती का रे?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं. पेजेचं, हाकेचं, माझ्या खोटं बोलण्याचं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "तू काय म्हणायचास, तिने विचारलं की?"

मी म्हणालो, "आत्ताच आलो, म्हणायचो."

तो रडला. मीही. नंतर पाणी प्यायलो, आणि नळ चालू ठेवला म्हणून मी त्याच्यावर ओरडलो, तेव्हा तो हसला.

हे इथे सांगावं की नाही, हे मी सौ.ला विचारलं होतं. ती म्हणाली, पंचवीस वर्षं शेजारी आहेत, सांगा.

आता दर रविवारी सकाळी साडेसातला मी त्याला फोन करतो. तिकडे शनिवारचे रात्रीचे आठ वाजलेले असतात, हिवाळ्यात सात. कमिटीची मीटिंग रविवारी सकाळी ठेवायची असेल, तर कृपा करून साडेआठनंतर ठेवा.