कापसाची मोटार

(गणेशोत्सवातील ‘छंद माझा’ या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीसांना विषय कळवला तेव्हा ते म्हणाले, “जर्मन मोटार म्हणजे मर्सिडीज ना?” नाही. मी बोलणार आहे ट्राबांटविषयी. जर्मनीची फाळणी झाल्यावर पूर्वेकडच्या साम्यवादी जर्मनीत ही मोटार तयार होत असे. धूर सोडणारी, फटफट करणारी, दिसायला आगपेटीसारखी. तिच्यावर विनोद पुष्कळ. ट्राबांटची किंमत दुप्पट कशी करावी? तिची टाकी फुल्ल करावी! हसायला हरकत नाही. पण मी मेकॅनिकलचा डिप्लोमावाला आणि त्यात सरकारी नोकर, त्यामुळे या विनोदात नेमकं कोणाला हसायचं याबद्दल माझं थोडं वेगळं मत आहे.

त्स्विकाऊ नावाचं गाव. ऑडी कंपनीचा जन्म याच गावातला. महायुद्धानंतर ती मंडळी पश्चिमेकडे गेली, कारखाने आणि कारागीर मागे राहिले. त्याच कारागिरांनी १९५७ च्या नोव्हेंबरात पहिली ट्राबांट काढली. महिनाभर आधी रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला होता आणि ट्राबांट या शब्दाचा एक अर्थ उपग्रह असाच आहे.

आता पंचाईत अशी होती की पत्रा नव्हता. मोटारीला लागतो तसा पोलादी पत्रा पश्चिमेकडून मिळेना. मग त्यांनी काय केलं? सोव्हिएत युनियनमधून कापसाचा टाकाऊ कचरा आणला. आपल्या इंदूरच्या मिलमध्ये ज्यांच्या घरचे कामाला होते, त्यांना हा कचरा कसा असतो ते सांगायला नको. त्याचे थर करायचे, त्यात फिनॉलची राळ घालायची आणि तापलेल्या साच्यात दाबायचं. दार तयार, छप्पर तयार. याला ड्युरोप्लास्ट म्हणतात. प्रेशर कुकरची काळी मूठ असते ना, तिच्याच नात्यातली वस्तू. लोक तिला पुठ्ठ्याची गाडी म्हणून हिणवतात, पण हा पुठ्ठा नव्हे. याला गंज चढत नाही. गंज चढतो तो आतल्या पोलादी सांगाड्याला, म्हणून जुनी ट्राबांट घेणारा जाणकार वरच्या रंगाकडे बघतच नाही, आधी गाडीखाली शिरतो.

इंजिनाबद्दल जरा जास्त बोलतो, कारण शौकिनांचा जीव तिथेच गुंतलेला असतो. दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, सुमारे ६०० सीसी, ताकद २६ अश्वशक्ती. हवेवर थंड होतं, म्हणजे रेडिएटर नाही. व्हॉल्व्ह उघडबंद करणारा कॅमशाफ्ट नाही. एक क्रँक, दोन कनेक्टिंग रॉड, दोन पिस्टन, असे मुख्य हलते भाग पाचच. दोन माणसं इंजिन उचलून बाहेर काढू शकतात. ते आडवं बसवलेलं आणि पुढची चाकं फिरवणारं. आज आपल्या सोसायटीच्या पार्किंगमधल्या बहुतेक छोट्या गाड्यांची मांडणी हीच आहे. इंग्रजांची मिनी या मांडणीसाठी जगभर नावाजली, ती आली १९५९ मध्ये.

पेट्रोलची टाकी थेट इंजिनाशेजारी, वरच्या अंगाला. पेट्रोल आपोआप खाली उतरतं, पंपाची गरज नाही. बराच काळ काट्याचं मीटरही नव्हतं. झाकण उघडायचं, पट्टी बुडवून बघायची. रिझर्व्हसाठी नळ फिरवायचा. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं. हे ऐकून मागे बसलेले काका लोक हसताहेत, कारण आपण सगळे यातून गेलोय. आमच्या वडिलांची स्कूटर सकाळी एका अंगावर कलती केल्याशिवाय सुरू होत नसे. माळव्यातल्या दूधवाल्यांची राजदूत मुळात पोलंडची आणि येझ्दीचं मूळ चेकोस्लोव्हाकियाच्या जावात. म्हणजे साम्यवादी देशांचं टू-स्ट्रोक आपल्या गल्लीत केव्हाच येऊन गेलंय.

एक गंमत सांगतो. ट्राबांटला चौथ्या गियरमध्ये फ्रीव्हील असतं, सायकलसारखं. का? टू-स्ट्रोकला वंगण मिळतं ते पेट्रोलबरोबरच. उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की पेट्रोल कमी, म्हणून वंगणही कमी, आणि चाकं मात्र इंजिनाला गरगर फिरवत राहणार. त्यापेक्षा इंजिन सुटं करून निवांत चालू द्यावं. ज्याने हे डोकं लढवलं त्याला मी मनातल्या मनात हात जोडतो.

मग बिघडलं कुठे? मूळ घाटाची नवी आवृत्ती ६०१ ही १९६४ मध्ये आली आणि किरकोळ बदल सोडले तर १९९० पर्यंत तीच चालली. छब्बीस वर्षं! त्स्विकाऊच्या इंजिनियरांना सुचत नव्हतं असं नाही. साठच्या दशकात त्यांनी मागे मोठं दार असलेली नवी गाडी बनवून चालवून पाहिली होती. १९६८ मध्ये वरून हुकूम आला, काम थांबवा. पुढे ७९ मध्ये आणखी एक नमुना असाच थांबला. मंडळी, मी सरकारी कचेरीत बसतो. फाईल वर जाते आणि एका ओळीचा शेरा घेऊन खाली येते, तेव्हा खालच्या टेबलावरच्या माणसाचा चेहरा कसा होतो ते मला ठाऊक आहे. जगाने टिंगल केली ती त्या टेबलावरच्या माणसाची. शेरा मारणाऱ्याचं नाव कोणी विचारलं नाही.

गिऱ्हाइकाची गोष्ट निराळीच. अठरा पूर्ण झाले की नाव नोंदवायचं आणि दहा-बारा वर्षं, कधी त्याहून जास्त, वाट पाहायची. वापरलेली गाडी कोऱ्या गाडीपेक्षा महाग जायची. आपल्याकडे स्कूटरचा नंबर लागल्याची बातमी घरात कशी यायची, ते आठवा. एवढी वाट पाहून आलेली गाडी लोक मग स्वतःच दुरुस्त करत. नवरा, बायको, शेजारी, सगळ्यांना कार्ब्युरेटर उघडता येई. आजच्या शौकिनांना सगळ्यात जास्त भुरळ पडते ती याची. कंपनीच्या सेंटरवर न जाता, झाकण उघडून आतलं सगळं समजतं अशी मोटार आता कुठे मिळणार?

तिची बाजू घेताना दोष झाकत नाही. धूर खरंच घाणेरडा होता. टाकी इंजिनाजवळ, ही धोक्याची गोष्ट. आणि ड्युरोप्लास्ट वितळवून पुन्हा वापरता येत नाही, त्यामुळे मोडीतल्या गाड्यांचं करायचं काय हा मोठाच प्रश्न झाला.

१९८९ च्या उन्हाळ्यात याच गाड्यांत बसून हजारो लोक हंगेरीमार्गे पश्चिमेकडे निघाले. काही प्रागला गेले, पश्चिम जर्मनीच्या वकिलातीचं कुंपण चढून आत शिरले आणि एवढी वर्षं वाट पाहून मिळवलेली गाडी रस्त्यावर सोडून दिली. त्या वकिलातीच्या बागेत आज एक शिल्प आहे, चार पायांवर चालणारी ट्राबांट.

शेवटी शेवटी तिला फोक्सवॅगन पोलोचं फोर-स्ट्रोक इंजिन दिलं, पण तोवर गिऱ्हाईकच उरलं नव्हतं. ३० एप्रिल १९९१ ला शेवटची गाडी बाहेर पडली. एकूण तीस लाखांहून अधिक झाल्या. त्स्विकाऊच्या ऑगस्ट हॉर्ख संग्रहालयात त्या पाहायला मिळतात, थांबवलेल्या नमुन्यांची हकीकतही तिथे आहे. माझ्याकडे फक्त हे बोटभर लांबीचं खेळण्यातलं मॉडेल. मुलांनो, हात लावून बघा, पण आरशांना धक्का नको. आरतीला अजून दहा मिनिटं आहेत, कोणाला काही विचारायचं असेल तर विचारा.