बाळसं नव्हे, सूज

भिलाईच्या स्मृति नगरातून बोलतोय. फौजेत असताना भरतीला आलेल्या कितीतरी पोरांची छाती मोजून घेतली. त्यामुळे नुसतं बघून तब्येत ओळखता येते, असा माझा समज होता. दीड वर्षाच्या एका मुलाने तो मोडला.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाई नातवाला सोबत आणायच्या. गाल फुगलेले, पाय भरलेले. मी म्हणालो, "वा, छान बाळसं धरलंय!" बायको म्हणाली, "अहो, पण हा हसत नाही, खेळत नाही." मी मनावर घेतलं नाही.

आठवड्याने मितानीन आली. मितानीन म्हणजे छत्तीसगडची आशाताई. इथे ही योजना २००२ पासून आहे. तिने मुलाच्या दोन्ही पावलांवर अंगठा दाबून धरला आणि उचलला. खळगा तसाच राहिला. ते बाळसं नव्हतं, सूज होती. तीव्र कुपोषणाचाच तो एक प्रकार. डॉ. सिसिली विल्यम्स यांनी १९३० च्या दशकात आजच्या घानामध्ये त्याची नोंद केली. तिथल्या लोकांचाच शब्द त्यांनी घेतला : क्वाशिओरकोर. धाकटं भावंड आल्यावर थोरल्याचं अंगावरचं दूध तुटतं, तेव्हा त्याला होणारा आजार.

मी लगेच अंडी, दूध आणायला निघालो. तिने थांबवलं. अशा मुलाला एकदम भरपूर खाऊ घातलं तर जिवावर बेतू शकतं. पोषण पुनर्वसन केंद्रात आधी दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं हलकं दूध देतात, जंतुसंसर्गावर औषध देतात. मूल सावरलं की आहार वाढवतात.

प्रत्येक मुलाला भरती करावं लागतंच असं नाही. भूक चांगली असेल आणि दुसरा आजार नसेल, तर घरीच उपचार होतात, हे जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००७ मध्ये मान्य केलं. त्यासाठी शेंगदाणे, दूध पावडर, तेल, साखर आणि जीवनसत्त्वं यांची तयार पेस्ट असते. महाराष्ट्रात २००५ साली राजमाता जिजाऊ मिशन सुरू झालं. तिथे गावातच ग्राम बाल विकास केंद्रं चालवली गेली.

पण हे सगळं पुढचं. आधी मूल सापडायला हवं. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल, किंवा दोन्ही पावलांवर खळगा राहत असेल, तर त्याच दिवशी अंगणवाडी किंवा दवाखाना गाठा.

तो मुलगा आता माझी काठी पळवतो. माझ्या भरवशावर राहिला असता, तर कदाचित आज नसता.

जय हिंद.