छापखान्यातली नोकरी सुटते तेव्हा

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला चार शब्द बोलायला सांगितले, तेव्हा विषय शोधावा लागला नाही. आपल्या पुण्यात, विशेषतः सदाशिव आणि नारायण या पेठांत, एकेकाळी गल्लीबोळांतून छापखाने होते. सकाळी ट्रेडल सुरू झाले की दिवेलागणीपर्यंत त्याची खटखट कानांवर येई. ते छापखाने एकामागून एक बंद झाले आणि त्यांत काम करणारी माणसे घरी आली. आज या सभेत बसलेल्यांपैकी काही घरांनी तो प्रसंग पाहिला आहे, काहींवर तो आज आला आहे. कर्ता माणूस असा एकाएकी घरी आला तर घराने काय करावे, एवढेच मी सांगणार आहे.

आमचे हे १९७१ साली एका छापखान्यात जुळारी म्हणून लागले. जुळारी म्हणजे शिशाचे खिळे एकेक उचलून ओळी जुळविणारा. इंग्रजीची अक्षरे सव्वीस. पण आपल्या देवनागरीत काना, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरे मिळून शेकडो खिळे लागतात. कोणत्या घरात कोणता खिळा आहे हे बोटांना पाठ असावे लागे. शिवाय खिळ्यावरचे अक्षर उलटे असते, तेही सुलट्यासारखे भराभर वाचता आले पाहिजे. छपाई झाली की तेच खिळे पुन्हा ज्याच्या त्याच्या घरात टाकायचे. हे कसब अंगी यायला वर्षे लागत, आणि ते आले की जन्माची भाकरी झाली अशी त्या काळी समजूत होती.

पुढे संगणक आला. पुण्यातच १९८८ साली सी-डॅक ही संस्था निघाली आणि भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे मोठे काम तेथे झाले. भाषेच्या दृष्टीने ती आनंदाचीच गोष्ट. पण दोन जुळाऱ्यांचे दिवसभराचे काम एक मुलगी टेबलाशी बसून दुपारपर्यंत करू लागली, तेव्हा जुळाऱ्यांच्या घरी तो आनंद कसा पोचणार? १९९३ साली ह्यांच्या छापखान्याने जुळणी खाते बंद केले. खिळे भंगारात किलोवर विकले गेले आणि सात जुळारी घरी बसले.

घरी बसले असे मी म्हणते, पण हे प्रत्यक्षात घरी बसले नाहीत. अकरा दिवस डबा घेऊन नेहमीच्या वेळी निघत आणि नेहमीच्या वेळी परत येत. डबा रिकामा, पण हाताला शाईचा वास नाही. बाराव्या दिवशी मी एवढेच म्हटले, "उद्यापासून आपण डबा घरीच जेवू." त्या रात्री मुलांनाही जवळ बसवून सगळे सांगितले. मोठा चौदा वर्षांचा होता. तो म्हणाला, "मग बाबा आता माझे निबंध तपासतील का?" त्यांच्या कामाची दुसरी वाट त्या मुलाने दाखविली, ते आम्हांला पुढे कळले.

भगिनींनो, नोकरी जाणे ही चोरी नव्हे, मग ती लपवायची कशासाठी? लपविण्यात जे दिवस जातात तेच खरे कामाचे असतात. कारण पहिल्या आठवड्यांतच कागदांवर सह्या मागितल्या जातात. ह्यांच्यापुढे मालकांकडून एक छापील कागद आला: "मी स्वखुशीने राजीनामा देत आहे." जन्मभर दुसऱ्यांचे शब्द जुळविणाऱ्या माणसाने हा शब्द मात्र दोनदा वाचला. सही केली नाही. राजीनामा आणि कपात यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. स्वतः नोकरी सोडली तर कपातीची भरपाई नाही; मालकाने काढले तर पुऱ्या केलेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार द्यावा लागतो. ग्रॅच्युइटी याहून वेगळी. पाच वर्षे नोकरी भरली की तिचा हक्क येतो. तिचा हिशोब कोणत्याही बाईला येईल असा आहे: महिन्याच्या पगाराला सव्वीसने भागा, पंधराने गुणा आणि जितकी वर्षे नोकरी झाली तितक्याने पुन्हा गुणा. ह्यांचा पगार चौदाशे रुपये आणि नोकरी बावीस वर्षांची. मी पोळपाटाशेजारी बसून आकडा काढला: सुमारे सतरा हजार सातशे. कामगार आयुक्तांच्या कचेरीत तीन खेपा घातल्या, तेव्हा ती रक्कम आणि कपातीची भरपाई, दोन्ही हाती आली.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत, तरी वर्षाला पंधरा दिवस हे मूळ माप राहिले आहे. म्हणून प्रत्येक घरात नेमणुकीचे पत्र, पगाराच्या पावत्या आणि प्रॉव्हिडंट फंडाचा क्रमांक एका पिशवीत असावा, आणि ती पिशवी कुठे आहे हे घरातल्या बाईला ठाऊक असावे. गरज नसताना पेन्शनचा पैसा मोडू नका. दहा वर्षे सभासदत्व भरले असेल तर म्हातारपणी त्याचा आधार होतो.

पैसे आले की सल्लेही येतात. कोणी म्हणाले भागीत दुकान काढा, कोणी म्हणाले व्याजाने लावा. आम्ही रक्कम पोस्टात ठेवली आणि खर्चाची तीन पाने केली. पहिल्या पानावर न थांबणारे खर्च: भाडे, दूध, औषध, शाळेची फी. दुसऱ्यावर पुढे ढकलता येणारे. तिसऱ्यावर बंद करता येणारे. हे करताना हे माझ्याशेजारी बसले होते, ही गोष्ट महत्त्वाची. घर कसे चालणार हे एकट्या बाईने ठरविले तर पुरुषाला आपण घरात पाहुणे झालो असे वाटू लागते. मी स्वतः बाइंडरकडून फर्मे आणून घड्या घालू लागले. मोठ्या कागदाला तीन घड्या घातल्या की सोळा पाने होतात. शेकड्यावर मजुरी मिळे. फार नव्हती, पण दुधाचा खर्च निघत असे.

आता कामाविषयी. ह्यांची बोटे बावीस वर्षांत जे शिकली होती त्याला बाजारात किंमत उरली नव्हती, हे मान्य करणे फार जड गेले. पण जुळारी नुसते खिळे उचलत नाही. ऱ्हस्वदीर्घ, विरामचिन्हे, ओळ कुठे तोडावी, परिच्छेद कसा सोडावा, मुद्रितावरच्या खुणा कशा करतात, हे सगळे त्याच्या डोक्यात असते. यंत्राने बोटांचे काम घेतले, डोळ्यांचे घेतले नव्हते. हे संगणकाच्या वर्गाला गेले. शिकविणारी मुलगी आमच्या लेकीहून थोडी मोठी. कळफलक महिन्याभरात आला. तिला "बाई" म्हणायला मात्र जरा जास्त वेळ लागला! दहा महिन्यांनी एका प्रकाशकाकडे मुद्रितशोधनाचे काम मिळाले. पगार आधीपेक्षा कमी होता, पण पुस्तकाशी नाते राहिले. जावजी दादाजींनी लहानपणी खिळे घासण्यापासून सुरुवात करून १८६९ साली मुंबईत निर्णयसागर छापखाना उभा केला, असे हे नेहमी सांगतात. छापखान्यात शेजारच्या माणसाचेही काम शिकून ठेवावे, असा त्याचा अर्थ ते लावतात.

सगळ्यांचे असे झाले नाही, हेही सांगितले पाहिजे. सातांपैकी एक रिक्षा चालवू लागले, एक बँकेच्या दारात पहारेकरी झाले. एकांना पुन्हा कामच मिळाले नाही, त्यांच्या पत्नीने पोळ्या लाटून संसार ओढला. कसब कमी होते म्हणून असे झाले नाही. उलट तेच सगळ्यांत वेगाने जुळणी करीत.

दुसरी लाट माझ्या पुतण्यावर आली. तो ऑफसेट यंत्रावर होता. २०२० च्या टाळेबंदीत वर्तमानपत्रे घरोघरी पोचेनात, पाने कमी झाली आणि त्याचे काम सुटले. ह्या वेळी प्रश्न निराळा होता. १९९३ साली छपाई एका यंत्रावरून दुसऱ्यावर गेली. आता छापायचेच कमी झाले. लग्नपत्रिका फोनवर, पावत्या फोनवर, पंचांगही फोनवर. तेव्हा ह्यांनी त्याला विचारले, "कागद कुठे वाढतो आहे?" शोध घेतला तेव्हा दिसले की वाचायचा कागद घटला, तरी गुंडाळायचा वाढला आहे. औषधांची खोकी, खाद्यपदार्थांची वेष्टने, लेबले यांवर छपाई लागतेच. चार रंग एकमेकांवर अचूक बसविण्याचे त्याचे कसब तेथे उपयोगी पडले. आज तो चाकणकडे वेष्टनांच्या कारखान्यात आहे.

मंडळाने काय करावे, याविषयी माझ्या दोन सूचना आहेत. एक वही ठेवावी. कोणाला काम हवे आणि कोणाकडे काम आहे, याची नोंद तीत व्हावी. अर्ज भरण्यासाठी आणि कचेरीत सोबत जाण्यासाठी दोन भगिनींनी आळीपाळीने वेळ द्यावा. कामगार कचेरीतल्या त्या तीन खेपांना माझ्यासोबत शेजारच्या काकू होत्या. त्या होत्या म्हणून मी तिसऱ्यांदा गेले. आणि हळदीकुंकवाला एखादी भेटली तर "तुमचे हे हल्ली काय करतात?" असे चारचौघींत विचारू नये. त्याऐवजी दुसऱ्या दिवशी तिच्या घरी जावे.

ही स्मरणिका हाती पडल्यावर आमचे हे आधी तीतल्या चुका शोधतील, हे मला ठाऊक आहे. त्या सापडल्या तर चिटणीसबाईंनी राग मानू नये.