घर विकत घेतांना

'घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून' ही म्हण आपण सारे लहानपणापासून ऐकत आलों आहोंत. ज्या काळीं ही म्हण रूढ झाली, त्या काळीं माणूस आपली जागा पाहून आपणच घर बांधी. पायाची खोली, विटांची भाजणी, लांकडाची जात, गवंड्याची कामचुकारी, सारें त्याच्या डोळ्यांसमोर घडे. आज शहरांत राहणाऱ्या बहुतेकांच्या वांट्याला हें भाग्य येत नाहीं. पाया दुसऱ्यानेंच घातलेला असतो, आणि भिंतींना रंग चढल्यावर आपल्याला आंत बोलावलें जातें. म्हणून बांधणाऱ्याला जें आपोआप दिसत होतें, तें विकत घेणाऱ्यानें मुद्दाम शोधून पाहिलें पाहिजे. तें कसें पाहावें, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

मी वकील नव्हें आणि इंजिनियरहि नव्हें. मॅट्रिक होऊन उभा जन्म मीं शाळेंत काढला. परंतु शिक्षक, कारकून, पोस्टांतला नोकर यांच्या हातीं मोठी रक्कम आयुष्यांत एकदांच, निवृत्तीच्या वेळीं येते, आणि एकाच व्यवहारांत संपते, हें मीं जवळून पाहिलें आहे. फळ्यावरचें चुकलेलें गणित पुसून पुन्हा मांडतां येतें. हें गणित पुन्हा मांडतां येत नाहीं.

माझ्या एका सहशिक्षकानें भविष्यनिर्वाह निधीची सारी रक्कम घालून घर घेतलें. खोल्या हवेशीर, शेजार सज्जनांचा. इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र मात्र नव्हतें. 'सहा महिन्यांत येईल' असें विकणाऱ्यानें सांगितलें. तें आलें नाहीं. नळाची कायमची जोडणी नाहीं म्हणून टँकर, टँकरसाठीं वर्गणी आणि वर्गणीवरून भांडणें, असें वर्षानुवर्षें चाललें. पुढें पत्नीच्या दुखण्यासाठीं घर विकण्याची वेळ आली, तेव्हां त्या घरावर खरेदीदाराला कर्ज देण्यास एकहि बँक तयार होईना. राहावयास घर होतें. पण गरजेच्या वेळीं त्याचे पैसे झाले नाहींत.

तेव्हां पहिली गोष्ट जमिनीची. घर ज्या जमिनीवर उभें आहे, ती कोणाची? गांवाकडे सातबाराचा उतारा आणि शहरांत मिळकत पत्रिका हीं प्रथम मागावीं. सातबाऱ्यावरचें नांव वाचून थांबूं नये. 'इतर हक्क' या रकान्यांत कर्जाचा बोजा, कुळाचा हक्क अशा नोंदी असतात, आणि खरें पाणी तेथेंच मुरतें. जमीन 'भोगवटादार वर्ग 2' ची असेल, तर सरकारी परवानगीवांचून ती हस्तांतरित होत नाहीं. फेरफाराच्या नोंदी मागें मागें वाचीत गेलें, म्हणजे जमीन कोणाकडून कोणाकडे कशी गेली तें कळतें. शिवाय सातबारा हा मुळांत महसुलाचा कागद आहे. केवळ त्यावर मालकी सिद्ध होत नाहीं. म्हणून वकिलाकडून दुय्यम निबंधकाच्या कचेरींतील मागील तीस वर्षांच्या दस्तांचा शोध घेण्याचा जो प्रघात आहे, तो मोडूं नये. त्याची फी वांचविणें म्हणजे कुलूप वांचवून दार उघडें टाकणें होय.

मिळकत वडिलोपार्जित असेल, तर सह्या कोणाकोणाच्या होणार हें विचारावें. 2005 सालच्या दुरुस्तीनें हिंदु एकत्र कुटुंबाच्या मिळकतींत मुलींना मुलांइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला आहे. 'बहिणी कांहीं म्हणणार नाहींत' या आश्वासनाला कागदावर किंमत नाहीं. त्या सासरीं नांदत असल्या तरी त्यांच्या सह्या हव्यात. तसेंच मूळ दस्त स्वतःच्या डोळ्यांनीं पाहावेत. नकलाच पुढें येऊं लागल्या, तर मूळ कागद कोठें तारण पडले आहेत काय, अशी शंका घ्यावी.

दुसरी गोष्ट परवानगीची. मंजूर नकाशा, बांधकाम सुरूं करण्याचें प्रारंभ प्रमाणपत्र आणि काम पुरें झाल्यावरचें भोगवटा प्रमाणपत्र, हे तीन कागद एकमेकांशीं ताडून पाहावेत. नकाशांत पांच मजले आणि डोळ्यांसमोर सहा, असें दिसलें तर सहाव्या मजल्यावरचें घर स्वस्त कां, तें निराळें विचारावें लागत नाहीं.

इमारत अजून बांधली जात असेल, तर 2016 च्या स्थावर संपदा कायद्याचा आधार आहे. महाराष्ट्रांत 2017 च्या मे महिन्यापासून त्याचें प्राधिकरण 'महारेरा' या नांवानें काम करीत आहे. नोंदलेल्या प्रकल्पाची माहिती त्याच्या संकेतस्थळावर कोणालाहि पाहतां येते. आपल्याला जमत नसेल तर नातवंडांना सांगावें. या कायद्यांतील तीन गोष्टी पाठ करून ठेवाव्यात. नोंदणीकृत करारावांचून किंमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम विकसकाला घेतां येत नाहीं. ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकीं सत्तर टक्के त्याच प्रकल्पाच्या निराळ्या खात्यांत ठेवावे लागतात. आणि ताबा दिल्यापासून पांच वर्षांच्या आंत बांधकामांत दोष निघाला, तर तो विकसकानें आपल्या खर्चानें दुरुस्त करावयाचा असतो.

याच कायद्याप्रमाणें घराचें क्षेत्रफळ 'चटई क्षेत्र' म्हणून सांगावें लागतें. म्हणजे घराच्या आंतील वापरतां येणारी जागा. त्यांत आंतल्या भिंती येतात. बाहेरच्या भिंती, सज्जा आणि उघडी गच्ची येत नाहींत. येथें एक साधें गणित करूं. कोणी म्हणेल, 'एक हजार फूट जागा, साठ लाख रुपये, म्हणजे फुटाला सहा हजार.' परंतु त्यांत जिना, लिफ्ट, व्हरांडा धरलेला असून चटई क्षेत्र सातशें फूटच असेल, तर खरा भाव 8,571 रुपये पडला. दोन घरांची तुलना नेहमीं चटई क्षेत्रावरच करावी.

तिसरी गोष्ट खुद्द घराची. घर पाहावयास भर पावसांत जावें. कोंकणांत आणि देशावर पावसाचा झोत बहुधा नैर्ऋत्येकडून येतो. त्या अंगाच्या भिंती, खिडक्यांचे कोपरे आणि न्हाणीघराला लागून असलेली भिंत हातानें चांचपून पाहावी. छतावर एकाच ठिकाणीं ताजा रंग दिसला, तर तेथें काय झांकलें आहे तें विचारावें. तुळईवर बोटांच्या गांठीनें ठोकावें. पोकळ आवाज आला किंवा तांबूस डाग दिसला, तर आंतल्या सळया गंजून फुगत असाव्यात. जुनी इमारत असेल तर संरचनात्मक तपासणीचा अहवाल मागावा. नळाला पाणी किती वेळ येतें, हें विकणाऱ्याला न विचारतां शेजारच्या गृहिणीला विचारावें.

नदीकांठचें घर असेल, तर पूररेषा पाहिल्यावांचून इसार देऊं नये. निळी रेषा साधारणपणें पंचवीस वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची, आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची. 12 जुलै 1961 रोजीं पानशेतचें धरण फुटलें, तेव्हां पुण्याच्या नदीकांठच्या पेठा पाण्याखालीं गेल्या. 2019 च्या ऑगस्टांत सांगली आणि कोल्हापूर यांनीं काय भोगलें, तें तर तरुणांनींहि पाहिलें आहे. नदी आपली जागा विसरत नाहीं.

आतां पैशांविषयीं थोडें. तीस लाख रुपये नऊ टक्क्यांनीं वीस वर्षांसाठीं काढले, तर दरमहा सुमारें सत्तावीस हजारांचा हप्ता बसतो, आणि एकंदर फेड पावणेपासष्ट लाखांच्या घरांत जाते. मुदलाहून व्याज अधिक झालें. मुद्रांकशुल्क, नोंदणीची फी आणि संस्थेची मासिक वर्गणी यांची तरतूद निराळी ठेवावी. घर घेऊन हातीं औषधापुरताहि पैसा उरणार नसेल, तर एक खोली कमी घ्यावी.

शेवटीं दस्ताविषयीं. साठेखत म्हणजे खरेदीखत नव्हे. साठेखतानें मालकी येत नाहीं. निव्वळ कुलमुखत्यारपत्रावर केलेल्या विक्रीनेंहि मालकी मिळत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें 2011 सालीं स्पष्ट सांगितलें आहे. सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आंत दस्त नोंदणीस हजर करावा. सहकारी संस्थेंतलें जुनें घर असेल, तर भागपत्र पाहावें, विकणाऱ्याकडे संस्थेची थकबाकी नाहीं असा दाखला घ्यावा, आणि जमिनीचें अभिहस्तांतरण संस्थेच्या नांवें झालें आहे कीं नाहीं, तेंहि विचारावें.

श्रोते हो, 'आज इसार दिला नाहीं तर उद्यां घर जाईल' असें म्हणणारा मनुष्य प्रत्येक व्यवहारांत भेटतो. अशा वेळीं एवढेंच म्हणावें, 'कागद पाहूं द्या, मग बोलूं.' सरळ मनुष्य कागद आणून देतो. जो रागावतो, त्याचें घर सोडून द्यावें.