'मी आधी मुलगी होतो ना?'

मागच्या भागाखाली एका ताईंनी विचारलं होतं, मुलांना आपण मुलगा की मुलगी हे कळतं कधी? आज तेच बोलूया.

मराठी पोरांना हा प्रश्न फार लवकर गाठतो. 'जातो' की 'जाते' हे ठरवल्याशिवाय साधं वाक्य पुरं होत नाही. दिवसभर आईजवळ असलेला अडीच वर्षांचा मुलगा बिनधास्त 'मी येते' म्हणतो, कारण कानावर तेच पडतं. (कोल्हापूरकडच्या बायका 'मी आलो' म्हणतात, तिथलं गणित आणखी वेगळं!) १९८२ साली हिब्रू, इंग्रजी आणि फिनिश बोलणाऱ्या मुलांची तुलना छापून आली होती. हिब्रूत आपल्यासारखंच क्रियापदाला लिंग असतं, फिनिशमध्ये 'तो' आणि 'ती'ला एकच शब्द. हिब्रू मुलांना स्वतःचं लिंग सगळ्यांत आधी सांगता आलं, फिनिश मुलांना सगळ्यांत उशिरा.

पण 'मी मुलगा' म्हणता आलं म्हणजे सगळं कळलं असं नाही हं. लॉरेन्स कोहलबर्ग या मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये मांडलं की हे टप्प्याटप्प्याने येतं. आधी नाव कळतं, मग हे पुढेही तसंच राहणार हे कळतं. आणि कपडे-केस बदलले तरी ते बदलत नाही, हे पक्कं व्हायला सहा-सात वर्षं लागतात.

माझा भाचा चार वर्षांचा. जावळ काढायच्या आधीचा त्याचा फोटो आहे, दोन वेण्या, टिकली, फ्रॉक. आपल्याकडे घरोघरी असतो तसा. तो बघून म्हणाला, "मावशी, मी आधी मुलगी होतो ना?" अगदी गंभीरपणे.

अमेरिकेतल्या सँड्रा बेम यांनी त्यांच्या मुलाचा किस्सा सांगितलाय. तो केसांना क्लिपा लावून बालवाडीत गेला. दुसरा मुलगा म्हणाला, तू मुलगी आहेस. याने शेवटी चड्डी खाली करून दाखवली. तर समोरचा म्हणे, ते तर सगळ्यांनाच असतं, क्लिपा फक्त मुली लावतात! पुढे १९८९ मध्ये बेम यांनी दाखवून दिलं की शरीरातला फरक ज्या छोट्यांना माहीत असतो, ती कपड्यांना सहसा फसत नाहीत.

म्हणून मला लग्नाकार्यातला तो विनोद खटकतो. बांगडी घालून बघणाऱ्या चार वर्षांच्या मुलाला काका विचारतात, "काय रे, मुलगी झालास का?" आपल्यासाठी ती चेष्टा. त्याच्यासाठी ती खरंच घडू शकणारी गोष्ट असते. भाच्याला कुणीतरी असंच म्हटलं, तेव्हापासून तो जांभळी बाटली शाळेत नेत नाही.

फोटोबद्दल मी त्याला सांगितलं, "नाही रे, तू तेव्हाही मुलगाच होतास, फक्त वेण्या घातल्या होत्या." तो फोटोकडे बघत राहिला. मग विचारलं, "आणि आजोबा?"

त्यावर आमचं अजून चालू आहे. तुमच्याकडचे असे प्रश्न व्हॉइस नोट करून पाठवा, पुढच्या भागात ऐकवते.